मोतीबिंदूनंतर पडद्याला सूज: काचबिंदूचा रात्रीचा थेंब थांबवायचा की नाही?

हळद_गल्ली (सांगली)
मेडिकलच्या काउंटरवर एकाच तक्रारीच्या दोन उलट्या चिठ्ठ्या येतात, म्हणून हा धागा काढतोय. पेशंट साधारण सारखेच. साठी-सत्तरीचे, काचबिंदू आधीपासून, डोळ्याचा दाब उतरवायला रात्री लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के एक थेंब चालू. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पहिला महिना नजर झकास, आणि दीड महिन्याच्या सुमारास मधोमध धुरकट. ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढलं की मॅक्युलात (पडद्याच्या मध्यभागी) पाणी.

एका चिठ्ठीवर लॅटानोप्रोस्ट बंद, त्याजागी दाब उतरवणारा दुसरा थेंब डोर्झोलामाइड-टिमोलॉल, सोबत दाहविरोधी नेपाफिनॅक. दुसऱ्या चिठ्ठीवर लॅटानोप्रोस्ट तसंच चालू, वरून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि नेपाफिनॅक. घरचे विचारतात, खरं कुणाचं? औषध बदलणं काउंटरचं काम नाही, हे मान्य. पण दोन्हींमागचं कारण तरी समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहा.

कंदी_पेढा (सातारा)
दोन डॉक्टर, तीन मतं. चौथं मत शेजारच्या काकूंचं. मी बसलो, चालू द्या.

पडदा_आणि_पट्टी (मिरज)
दोन्ही चिठ्ठ्यांना आधार आहे. आधी सूज काय ते बघू.

पडद्याचा मधला ठिपका, म्हणजे मॅक्युला, याच्याभोवतीच्या बारीक केशवाहिन्या एरवी घट्ट असतात. ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या पुढच्या भागात दाह होतो, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती मागे झिरपतात आणि केशवाहिन्या गळायला लागतात. गळलेलं पाणी पडद्याच्या थरांत बारीक पोकळ्या करून साठतं. याला सिस्टॉइड मॅक्युलर एडिमा म्हणतात, आणि मोतीबिंदूनंतर आलेल्या प्रकाराला अर्व्हिन-गॅस. अर्व्हिनने १९५३ साली वर्णन केलं, १९६६ मध्ये गॅस आणि नॉर्टन यांनी डाय देऊन काढलेल्या फोटोंत ती गळती पाकळ्यांच्या फुलासारखी दाखवली.

आता लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट ही औषधं स्वतःच प्रोस्टाग्लँडिनची भावंडं. शाबूत डोळ्यात त्यांनी सूज येणं विरळ. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या डोळ्यात रक्त आणि डोळ्यातलं पाणी यांच्यामधला बांध सैल असतो. त्यात लेन्सची मागची पिशवी फाटली असेल, डोळ्यातली जेली पुढे आली असेल, तर पुढचं रसायन मागे जायला वाट मोकळीच. म्हणून काहीजण थेंब काढतात.

हेही लक्षात ठेवा: लॅटानोप्रोस्ट कधीच न घातलेल्यालाही ही सूज येते. बिनगुंतागुंतीच्या फेकोनंतर (मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन) नजर उतरवण्याइतकी सूज साधारण शंभरात एक-दोघांना. नुसत्या ओसीटीवर दिसणारी, पेशंटला न जाणवणारी सूज त्याहून बरीच जास्त.

शंकेखोर_कराडकर
एक गोष्ट गळी उतरत नाही. नेपाफिनॅक, केटोरोलॅक ही औषधं शरीराला प्रोस्टाग्लँडिन *बनवू* देत नाहीत. पण लॅटानोप्रोस्ट तर तयार मालच आहे, बाटलीतून आलेला. कारखाना बंद करून बाहेरून आलेला ट्रक कसा अडणार?

पडदा_आणि_पट्टी
@शंकेखोर_कराडकर, नेमका प्रश्न. बाहेरून घातलेल्या थेंबामुळे डोळ्याच्या पेशी स्वतःचं प्रोस्टाग्लँडिन जास्त बनवायला लागतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे ट्रक येतो आणि कारखान्यालाही जादा ऑर्डर देऊन जातो. नेपाफिनॅक ती दुसरी ऑर्डर रद्द करतं. म्हणूनच लॅटानोप्रोस्ट चालू ठेवून नुसतं दाहविरोधी थेंब घातलं तरी बऱ्याच डोळ्यांत सूज उतरते. दुसरी चिठ्ठी त्या हिशोबाने लिहिलेली.

आणखी एक संशयित आहे, तो विसरू नका: बाटलीतलं जंतुरोधक, बेन्झाल्कोनियम क्लोराइड. लॅटानोप्रोस्टच्या मूळ बाटलीत ते ०.०२ टक्के, डोळ्याच्या औषधांत सगळ्यात जास्तपैकी. जपानमधल्या एका गटाने नुसत्या जंतुरोधकाच्या थेंबांनीही ऑपरेशननंतर बांध सैल होतो असं दाखवलं होतं. दोष औषधाचा की बाटलीतल्या जंतुरोधकाचा, यावर अजून वाद आहे.

यवतेश्वर (सातारा)
मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण काचबिंदूच्या पेशंटची डोळ्याची नस हा माझा विषय.

पुरावा बघा. थेंब थांबवला आणि सूज उतरली, परत सुरू केला आणि परत आली, अशा सुट्या केसेस बऱ्याच नोंदल्या गेल्यात. पण मोठ्या गटांचा अभ्यास केला की चित्र धूसर होतं, काहीत संबंध दिसतो, काहीत नाही. त्यामुळे "काचबिंदूच्या प्रत्येक पेशंटचा रात्रीचा थेंब ऑपरेशनआधी बंद" असा सरसकट नियम करायला आधार नाही. आणि सुजेमुळे गेलेली नजर बहुतेकांची काही महिन्यांत परत येते. नसेचे मेलेले तंतू परत येत नाहीत. ज्याचा कप (नसेच्या तोंडावरचा खड्डा, आकडा एकाला जितका जवळ तितकी नस खराब) ०.८-०.९ वर गेलाय, परिमिती चाचणीत (नजरेच्या घेराची चाचणी) मध्याजवळचा डाग आहे, त्याचा सगळ्यात जोरदार थेंब काढून घ्यायचा आणि वर स्टेरॉइड सुरू करायचं? दाब ३० ला गेला तर पडद्याची सूज बघत बसायचं का?

कंदी_पेढा
लागली बघा.

पडदा_आणि_पट्टी
लागली नाही, यवतेश्वर बरोबर बोलताहेत. माझा मुद्दा *बदलण्याचा* आहे, *काढण्याचा* नाही. ज्या दिवशी प्रोस्ट (लॅटानोप्रोस्ट आणि त्याची भावंडं) बंद, त्याच दिवशी दुसरा थेंब सुरू, त्याच दिवशी दाब मोजून चिठ्ठीवर आकडा. चिठ्ठीवर नुसतं "लॅटानोप्रोस्ट स्टॉप" लिहून पुढे काहीच नसेल तर ती चिठ्ठी अर्धी आहे.

यवतेश्वर
मग भांडण मिटलं. पण एक गोम सांगतो, इथेच लोक फसतात. प्रोस्टचा असर डोळ्यातून लगेच जात नाही. पूर्ण उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. थेंब बंद केल्यावर आठ दिवसांनी दाब मोजला तर १५-१६ दिसतो, पेशंट म्हणतो "बंद केलं तरी काही बिघडलं नाही", आणि पुढच्या तपासणीला येतच नाही. खरा आकडा महिन्या-दीड महिन्याने कळतो. नेमक्या त्याच काळात स्टेरॉइडचा दाबही चढतो. डोळ्याला स्टेरॉइड सोसत नसेल तर दाब बहुधा दोन ते सहा आठवड्यांत वर जातो, आणि काचबिंदूवाल्यांत असे डोळे इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात येऊन आदळतात.

आणि ऑपरेशनच्या दोन दिवस आधी प्रोस्ट बंद करून "खबरदारी घेतली" म्हणण्यात त्यामुळेच अर्थ कमी.

हळद_गल्ली
हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग बदली खेळाडू कोणता, हे कसं ठरतं?

यवतेश्वर
ठरतं डोळ्यापेक्षा माणसावर.

टिमोलॉल ०.५ टक्के दिवसातून दोनदा. दम्याच्या पेशंटला नाही, म्हणजे नाहीच. नाडी आधीच मंद, हृदयात ब्लॉक, तरीही नाही. मधुमेहात साखर उतरल्यावर होणारी धडधड तो झाकून टाकतो, इन्सुलिनवाल्यांना हे सांगायला हवं. "डोळ्यात तर घालायचं आहे" हा युक्तिवाद चालत नाही. थेंब नाकाच्या नळीतून उतरून थेट रक्तात जातो, लिव्हरची चाळण त्याला लागतच नाही.

डोर्झोलामाइड २ टक्के दोनदा-तीनदा. झोंबतं, तोंड कडू होतं. सल्फाची गंभीर अॅलर्जी असेल तर सांभाळून. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पेशी कमी उरल्या असतील, म्हणजे अवघड ऑपरेशननंतर, तर बुबुळ सुजून ढगाळतं. तेव्हा पडद्याला सूज की बुबुळाला, हा नवा गोंधळ. ब्रिन्झोलामाइड कमी झोंबतं, पण दुधाळ असल्याने घातल्यावर काही मिनिटं अंधुक दिसतं.

ब्रिमोनिडिन ०.१५ किंवा ०.२ टक्के. तोंड कोरडं, वृद्धांना झोप आणि थकवा, काही महिन्यांनी पापणीला खाज आणि लाली. पण तीन महिन्यांच्या बदलीसाठी चांगलं.

नेटार्सुडिल ०.०२ टक्के, रात्री एकदा. डोळा हमखास लाल. पेशंटला आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी तो दारात.

पायलोकार्पिन मात्र इथे नको. ते स्वतःच तो बांध सैल करतं.

कृष्णाकाठ (वाई)
यावर एक पुरवणी, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच दिसतो. "लॅटानोप्रोस्ट बंद" म्हटलं की लोक ती एक बाटली ठेवून देतात आणि जोडऔषधाची दुसरी बाटली घालत राहतात. लॅटानोप्रोस्ट-टिमोलॉल, बायमॅटोप्रोस्ट-टिमोलॉल, ट्रॅव्होप्रोस्ट-टिमोलॉल अशा एकत्र बाटल्या बाजारात भरपूर. वरचं मोठं ब्रँडचं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात "प्रोस्ट" ने संपणारा शब्द दिसला की त्यात तेच औषध आहे. भिंग घेऊन वाचा. उलटा घोळही होतो: टिमोलॉलची एकत्र बाटली बंद करून त्याजागी नुसतं ब्रिमोनिडिन दिलं, तर एक थेंब काढला असं वाटतं, प्रत्यक्षात दोन औषधं गेली.

मिरज_जंक्शन
यवतेश्वर आणि पडदा_आणि_पट्टी यांचं झालं असेल तर चष्मेवाल्याच्या खुर्चीतून दोन गोष्टी.

ऑपरेशननंतर नजर परत उतरली की घरचे गृहीत धरतात "जाळी आली, लेझर मारा". लेन्समागची जाळी साधारण काही महिन्यांनी, वर्षांनी, हळूहळू येते आणि सगळंच धूसर करते, दिव्याभोवती फाकलेला उजेड दिसतो. ही सूज चार ते बारा आठवड्यांत येते आणि *मधोमध* मारते. वाचताना मधलं अक्षर गायब, सरळ ओळ वाकडी, त्या डोळ्याने वस्तू जरा लहान, रंग फिके. लाली नाही, दुखणं नाही. सूज असताना जाळी समजून लेझर मारलं तर सूज वाढू शकते, म्हणून आधी ओसीटी.

घरी बघायला अॅम्सलरची जाळी: १० सेंटिमीटरचा चौकोन, आत ५ मिलिमीटरची घरं, मध्ये ठिपका. छापून घ्या किंवा आलेखवहीच्या कागदावर स्केचपेनने काढा. जवळचा चष्मा *लावून*, ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा पूर्ण झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकल्या, घरं पुसली गेली, तर कुठे ते पेन्सिलने गिरवून तारीख टाका. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईटाला झाकतो आणि महिनाभर कुणालाच कळत नाही.

आणि कृपा करून सूज असताना चष्मा करू नका. सुजेने पडदा पुढे उचलला जातो, नंबर अधिकच्या बाजूला सरकतो. सूज उतरली की तो चष्मा कपाटात.

माणदेशी (दहिवडी)
मिरज_जंक्शन यांचं "चार ते बारा आठवडे" हे वाक्य माण-खटावच्या शिबिरांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. शिबिरातल्या ऑपरेशनचा तपासणीचा कागद बहुधा असा असतो: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. महिन्याला नजर चांगली, चष्म्याचा नंबर दिला, फाइल बंद. सूज येते ती फाइल बंद झाल्यावर. थेंबही तेवढ्यातच संपलेले असतात. माणूस म्हणतो "वयच झालं" आणि बसून राहतो.

काचबिंदू, मधुमेह किंवा ऑपरेशनमध्ये पिशवी फाटलेली, यातलं एकही असेल तर सहाव्या ते आठव्या आठवड्याला एक जादा फेरी कागदावर लिहून द्यायला हवी. डिस्चार्ज कार्डावर "पीसीआर" किंवा "व्हिट्रियस लॉस" असे शब्द असतील तर त्याचा अर्थ पिशवी फाटली किंवा जेली पुढे आली, कार्ड फेकू नका.

गुऱ्हाळ
एवढं सगळं करण्यापेक्षा शुद्ध मध घालायचा काडीने. सूज काय, मोतीबिंदू पण कटतो म्हणतात.

माणदेशी
@गुऱ्हाळ, ऑपरेशनची जखम ताजी असलेल्या डोळ्यात मध, गुलाबपाणी, कोथिंबिरीचा रस, काहीही नको. निर्जंतुक नसतं. जंतू आत गेले तर डोळा जातो, आठवड्यात.

कंदी_पेढा
मध भाकरीवर घ्या राव. डोळ्याला काय चव कळतीय.

गुऱ्हाळ
विचारलं फक्त.

पडदा_आणि_पट्टी
विचारलं ते बरं झालं, कारण यातून तातडीचा मुद्दा निघतो. वरची सगळी चर्चा *न दुखणाऱ्या* धुरकटपणाची आहे. ऑपरेशननंतर काही दिवसांत डोळा लाल, दुखरा, पापणी सुजलेली आणि नजर झपाट्याने खाली, हे आतलं इन्फेक्शन असू शकतं. तिथे उद्या-परवा नाही, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या ठिकाणी. रात्र असली तरी.

आता मूळ उपचार. सर्वसाधारण क्रम असा.

पहिला टप्पा थेंब. नेपाफिनॅक ०.१ टक्के दिवसातून तीनदा, किंवा ०.३ टक्के एकदा. किंवा केटोरोलॅक ०.५ टक्के चारदा. किंवा ब्रोम्फिनॅक ०.०९ टक्के एकदा-दोनदा. यापैकी *एकच*. सोबत प्रेडनिसोलोन असिटेट १ टक्का चारदा, पुढे हळूहळू कमी करत. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं चालतं असा सर्वसाधारण कल. सूज *येऊ नये* म्हणून दोन्ही एकत्र देणं एकेकट्यापेक्षा सरस ठरतं, हे युरोपातल्या प्रेमेड अभ्यासात २०१८ मध्ये मधुमेह नसलेल्या पेशंटमध्ये दिसलं. स्टेरॉइडने दाब चढणाऱ्या डोळ्यात लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन हे सौम्य पर्याय, पण जोरही कमी.

चार ते सहा आठवड्यांनी ओसीटी. मधल्या ठिपक्याची जाडी साधारण अडीचशे मायक्रॉनच्या आसपास असते, सुजेत ती चारशे-पाचशेवरही जाते. आकडा नेहमी *त्याच मशीनवरच्या* मागच्या आकड्याशी ताडा. सातारच्या मशीनचे २९० आणि मिरजेच्या मशीनचे ३१० यात सूज वाढली असं म्हणता येत नाही, मशीन रेषा वेगळ्या ठिकाणी धरतं. उतरत असेल तर थेंब एकदम तोडायचे नाहीत. दोन-तीन महिने लागतात, घाईने तोडले की परत येते.

दुसरा टप्पा, तीन महिन्यांत दाद नसेल तर. डोळ्याच्या मागे स्टेरॉइड ट्रायअॅमसिनोलोनचं इंजेक्शन, किंवा आत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ०.७ मिलिग्रॅमची कांडी, किंवा व्हीईजीएफविरोधी (केशवाहिन्यांची गळती रोखणारं) इंजेक्शन. आणि मुळात कारण शोधायचं: जेलीचा धागा जखमेत अडकलाय का, बाहुली ओढल्यासारखी दिसते का, लेन्सचा पाय डोळ्याच्या रंगीत पडद्याला घासतोय का. तसं असेल तर थेंबांनी भागत नाही, शस्त्रक्रिया.

यवतेश्वर
कांडीबद्दल काचबिंदूवाल्यांनी ठळक लिहून ठेवा. तिच्या माहितीपत्रकातच कप-डिस्क ०.८ च्या पुढे असलेल्या काचबिंदूत ती निषिद्ध आहे. कांडी काही महिने औषध सोडत राहते, दाब चढला तर थेंबासारखी बंद करता येत नाही. आणि पिशवी फाटलेली, लेन्स पुढच्या भागात बसवलेली किंवा लेन्सच नाही, अशा डोळ्यात ती सरकून पुढे येते आणि बुबुळ खराब करते. तिथे विचारही नको.

शंकेखोर_कराडकर
डायमॉक्सची (अॅसिटाझोलामाइड) गोळी कुठे बसते यात? ती दाबही उतरवते आणि सूजही, असं ऐकलंय. एका दगडात दोन पक्षी?

यवतेश्वर
अॅसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅम. पडद्यामागचा थर पाणी शोषून घेतो, त्याला गोळी चालना देते, त्यामुळे काहींत सूज कमी होते. पण पहिली पसंती नाही. बोटांना मुंग्या, सोड्याची चव विचित्र, भूक मरते, मुतखडा, पोटॅशियम घटतं. किडनी अधू असेल, सल्फाची अॅलर्जी असेल तर नाही. लघवीची गोळी आधीच चालू असलेल्या वृद्धांत रक्त तपासल्याशिवाय नाही. केळं खाल्लं की पोटॅशियमचं काम झालं असं समजून मनाने गोळी वाढवायची नाही.

कृष्णाकाठ
आता थेंब घालण्याबद्दल. यात बिघडलं तर वरचं सगळं वाया. डोळ्याच्या कप्प्यात जेमतेम एक थेंब मावतो, दुसरा गालावर. दोन औषधांमध्ये कमीत कमी पाच मिनिटं, जमलं तर दहा. नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाच्या मुळाशी, आतल्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबायचं. टिमोलॉलला तर हे नक्कीच. पाणी असतं ते आधी, हलवून घालायचं ते नंतर, मलम सगळ्यात शेवटी. नेपाफिनॅक, प्रेडनिसोलोन असिटेट, ब्रिन्झोलामाइड या तिन्ही बाटल्या *हलवून* घालायच्या. न हलवता घातल्या तर पहिल्या आठवड्यात नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या आठवड्यात गाळ.

दाहविरोधी थेंबांचा धोकाही सांगून ठेवतो. डोळा फार कोरडा, संधिवात, मधुमेहाने बुबुळ बधिर, अशांत लांबल्यास बुबुळाला जखम होऊन ते विरघळू शकतं. अमेरिकेत १९९९ मध्ये डायक्लोफिनॅकचा एक जेनेरिक थेंब याच कारणाने बाजारातून काढला होता. खुपतंय, उजेड सहन होत नाही असं वाटलं तर "औषध झोंबतंय" म्हणून चालू ठेवू नका. आणि जुनी उरलेली बाटली मेडिकलमधून मागून परत परत घालणं तर अजिबात नको.

हळद_गल्ली
मागतात हो. "मागच्या वेळचीच द्या" म्हणतात आणि मोबाइलवर रिकाम्या बाटलीचा फोटो दाखवतात.

बाटली ठेवण्याचंही लिहितो. लॅटानोप्रोस्ट न उघडलेलं असेल तर २ ते ८ अंशांत, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतं, पण साधारण महिनाभरच. जतला, आटपाडीला एप्रिल-मे मध्ये घरात पस्तीसच्या वर असतं, तिथे उघडलेली बाटलीसुद्धा फ्रिजच्या दारातच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. काही कंपन्यांचं बाहेर चालणारं बनवलेलं असतं, लेबल बघा. ऊसतोडीला, पारायणाला जाताना बाटली खिशात ठेवू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने.

कंदी_पेढा
माझ्या माहितीत प्रोस्टच्या थेंबांनी पापण्यांचे केस लांब होतात. सूज राहू दे, ब्युटी पार्लर वाचतं.

यवतेश्वर
होतात. आणि पापण्यांची कातडी काळवंडते, एका डोळ्यात घालत असाल तर एकच. थेंब बंद केल्यावर दोन्ही हळूहळू उतरतं, पण डोळ्याच्या रंगीत पडद्याचा रंग बदलला असेल तर तो राहतो.

शंकेखोर_कराडकर
मधुमेहवाल्यांत ही सूज ऑपरेशनची की साखरेची, हे कसं ओळखायचं? सांगली-सातारा पट्ट्यात तर मधुमेह घराघरात.

पडदा_आणि_पट्टी
अवघड, कधीकधी दोन्ही एकत्र. साखरेच्या सुजेत पडद्यावर पिवळसर ठिपके, बारीक रक्तस्राव, आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्यातही कमीजास्त तेच. अर्व्हिन-गॅसमध्ये फक्त ऑपरेशन झालेला डोळा, आणि डाय देऊन फोटो काढला तर मॅक्युलासोबत नसेच्या तोंडाशीही गळती. फरक का महत्त्वाचा? साखरेच्या सुजेला पहिल्यापासून व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनं लागतात, नुसत्या थेंबांवर तीन महिने घालवणं परवडत नाही. ऑपरेशनआधीच ओसीटी काढून ठेवलं असेल तर निम्मा घोळ तिथेच मिटतो.

डाय दिल्यावर एक दिवस कातडी पिवळसर आणि लघवी भडक पिवळी. घाबरू नका.

कंदी_पेढा
सांगलीत कोण घाबरणार पिवळ्याला. मार्केट यार्डातनं आलेला समजतील.

माणदेशी
मूळ प्रश्नाकडे या. सूज उतरली, मग रात्रीचा थेंब परत सुरू करायचा का?

यवतेश्वर
आधी हे बघायचं की बदली औषधांवर दाब ठरवलेल्या मर्यादेत राहतोय का. मर्यादा प्रत्येकाची वेगळी, २१ खाली म्हणजे सुरक्षित असं नाही. कप मोठा असेल तर १२-१४ लागतो. राहत असेल तर प्रोस्ट परत आणायची गरजच काय? नसेल राहत, तर मॅक्युला कोरडा झाल्यावर, नेपाफिनॅक चालू असतानाच, प्रोस्ट सुरू करायचं आणि चार ते सहा आठवड्यांनी ओसीटी परत. सूज आली तर तो थेंब त्या डोळ्यापुरता बाद. दुसऱ्या डोळ्यात चालू ठेवता येतो, तिथलं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधीच दाहविरोधी थेंबांची तयारी, कारण एका डोळ्याला आली की दुसऱ्याला येण्याची शक्यता वाढते. उघड्या कोनाचा काचबिंदू असेल तर दाब उतरवणारं एसएलटी लेझर हाही मार्ग आहे.

पडदा_आणि_पट्टी
आणि ऑपरेशन बिनगुंतागुंतीचं, पिशवी शाबूत, मधुमेह नाही, पडद्यावर आधीची पातळ झिल्ली नाही, पडद्याच्या शिरेचा अडथळा झालेला नाही, डोळ्यात दाहाचा इतिहास नाही, अशा डोळ्यात प्रोस्ट आधीपासून बंद करायची गरज मला दिसत नाही. यातला एक जरी धोका असेल तर बदलावं. सूज आलीच असेल तर मी बदलतो, यवतेश्वर कदाचित आधी दाहविरोधी थेंब देऊन बघतील.

यवतेश्वर
कप ०.९ असेल तर हो. ०.५ असेल तर मीही बदलेन.

हळद_गल्ली
म्हणजे दोन चिठ्ठ्यांचं कोडं सुटलं. एकाने पिशवी बघितली, एकाने नस. यापुढे काउंटरवर तीनच गोष्टी विचारणार: प्रोस्टऐवजी काय लिहिलंय, दम्याचा पंप चालू आहे का, आणि दाब मोजायची पुढची तारीख कागदावर आहे का. तारीख नसेल तर तिथूनच दवाखान्यात फोन.

मिरज_जंक्शन
चौथी गोष्ट: तपासणीच्या दिवशी येताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगा, रिकाम्यासुद्धा. आणि पडदा बघायला बाहुली मोठी करतात, चार-पाच तास जवळचं दिसत नाही, उजेड डोळ्यांवर येतो. येताना एसटीने, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून. स्वतः स्कुटीवर नको.

कंदी_पेढा
बाहुली मोठी असताना पेढ्याचं दुकान तरी दिसेल ना?

माणदेशी
मधुमेह असेल तर न दिसलेलंच बरं.